दोन्ही कान दिसले पाहिजेत

वाळपईच्या बाजारात एकतीस वर्षं
मी माणसं एकाच स्टुलावर बसवली.
हनुवटी किंचित खाली. खांदे सैल. हं, श्वास धरा.
दोन्ही कान दिसले पाहिजेत,
नाहीतर अर्ज परत येतो.
मागे निळा पडदा, खुंटीला एक काळा कोट,
निम्म्या सत्तरीने अंगात घातलेला.

आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात.
तिपाई तेवढी मी ठेवून घेतली.
आज ती स्कूटरला आडवी बांधून
चोर्ला घाट चढतोय,
या वयात, डोंगराचा फोटो काढायला.

केरी मागे पडली, अंजुण्याचं धरण आलं.
तिथे थांबलो नाही.
उजेड बरा नाही, असं स्वतःलाच म्हणालो.

पहिल्या वळणावर बेळगावच्या तीन गाड्या,
कठड्यावर चढलेली मुलं, पाठ दरीकडे.
सवयीने तोंडात आलं होतं: मान सरळ.
गिळलं.
पुढच्या वळणावर माकडं. त्याच्या पुढे
एक ट्रक बंद पडलेला, चाकांना दगड लावून
ड्रायव्हर सावलीत कुशीवर झोपला होता,
एकच कान दिसत होता.
समोर वाघेरी. मी तिपाई उघडली,
आणि डोंगर काही केल्या बसेना.
ढगाची सावली खांद्यावरून सरकते,
उन्हाचा तुकडा कमरेला लागतो, जातो,
घारीला तर कुणी सांगितलंच नव्हतं.
चौदा वेळा बटण दाबलं. चौदा वेगळे डोंगर,
एकही अर्जाला चिकटवण्यासारखा नाही.

सुर्ल्याच्या अलीकडे चहाचा गाडा.
स्टोव्हला पंप मारता मारता बाई थांबली.
"मास्तर न्ही तूं? स्टुडिओचो?
म्हज्या आज्याक तुवेंच कोट घाल्लो."
भिंतीवर अजून आहे म्हणाली, हार घातलेला.
जन्मभर उघड्या अंगाने कुळागरात पाणी वळवलं,
मेल्यापासून कोटात.
"आनी हांगा कसलो फोटो?"
डोंगराचा, म्हटलं.
तिने दुधाखालची आच कमी केली.
"तो खंय वता?"

ग्लास घेऊन कठड्याशी आलो.
खाली, फार खाली, धरण.
इथून त्याचा रंग कळतो.

त्या साली रांग दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती.
पुनर्वसनाचा फॉर्म, वरच्या कोपऱ्यात चौकोन.
त्यात माणूस मावतो, गळ्यापर्यंत.
म्हातारे, बाया, कडेवरची पोरं,
कोट एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात, ऊब न जाता.
मी सगळ्यांचे कान मोकळे केले,
केसांतून, पदरातून, टोपीतून.
एकाने विचारलं होतं, घराचा एक काढशील?
फॉर्मवर जागा नाही, मी म्हणालो.
खरंच होतं ते.

आज लेन्स लांबची आहे, वेळ आहे,
पुढे गिऱ्हाईक खोळंबलेलं नाही.
आणि खाली नुसता पडदा,
तोच निळा,
एका कोपऱ्यात जरासा चुरगळलेला.
स्टुलावर कोणी नाही.

चहा गार झाला.
तिपाई अजून उघडीच आहे.
वारा पाण्यावरून वर येतो, कानांना लागतो,
दोन्ही.