पाणी कुठवर

विश्रामबागेत, एसपी ऑफिसच्या दुसऱ्या खिडकीत
गुरवबाई विचारतात, "सासूचं आडनाव वेगळं कसं?
लग्न झालंय ना त्यांचं?"
झालंय. तिकडे बायका माहेरचंच लावतात.
त्या पेन धरून बसल्या थोडा वेळ.
मग म्हणाल्या, "बरंय की."

नातं सिद्ध करायला स्टॅम्प पेपर,
नोटरीच्या बोटांना हळदीचा वास,
भाऊ मार्केट यार्डात अडत्या त्याचा.
चिनी दाखल्याचं इंग्रजी, इंग्रजीचं शपथपत्र,
आणि सासऱ्यांच्या जन्मतारखा दोन:
एक चंद्राची, एक सरकारची.
मी सरकारची लिहिली.
श्यूलान म्हणाली, वाढदिवस चंद्राचाच करायचा.

रात्री फोनवर सासरे, कानटोपीत.
फायलीचं काही विचारत नाहीत.
"नदी घरापासून किती?"
चालत दहा मिनिटं.
"आणि पाणी कुठवर येतं?"
एवढं मराठीत सांगून श्यूलान गप्प.
मी फोन घेऊन जिन्यात जातो,
एकोणीसच्या पुराची रेघ दाखवतो
सातव्या पायरीवर.

ते चष्मा लावतात. बोटांवर मोजतात.
मग कॅमेरा स्वतःच्या जिन्याकडे वळवतात.
त्यांची
पाचव्या पायरीवर आहे.