अर्धा तास बाहेर

इद्रियात मार्चमध्येही छपरांवर बर्फ असतो.
फ्रिजमधून, बीटाच्या बरणीमागून,
सिरिंज काढून टेबलावर ठेवलीय.
अर्धा तास बाहेर राहू दे, नर्स तिंकारा म्हणाली होती,
गार औषध जास्त झोंबतं.

तोवर लेस विणावी म्हणून उशी पुढ्यात ओढते.
लाकडी रिळं एकमेकांवर टकटकतात.
आज बोटं माझीच आहेत.

बाबांना गांधीलमाशी चावली, असं सगळे सांगत.
गळा आतून मिटला.
जानेवारीत कुठली गांधीलमाशी,
हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

मला ना खाज, ना पुरळ.
आधी तळहात जड होतो, मग ओठ,
मग लग्नाच्या फोटोत डावीकडून
कुणी दुसरीच बाई.
एकदा डॉक्टरांनी पोट उघडून
धडधाकट अपेंडिक्स काढलं
आणि घरी पाठवलं.

वेळ झाली.
रादोवान दाराआड जातो, त्याला बघवत नाही.
पोटाची चिमूट, सुई,
पंधरापर्यंत मोजायचं. जळजळ बारालाच थांबली.

मग काहीच झालं नाही.
आठवडाभर काही झालं नाही, दुसराही गेला.
लेसची ऑर्डर तारखेला पोचली.
रात्री उठून मी आरशात
ओठ चाचपते, सवयीने.

सुजेच्या दिवसांसाठी विणलेले मोठे हातमोजे
आज येरिकाने शोधून काढले,
कोपरापर्यंत चढवून बर्फात पळाली.
टाकून देऊया का, रादोवानने विचारलं.

राहू देत म्हटलं.
तिच्या रक्ताचा रिपोर्ट शुक्रवारी आहे.