एक जून

पांझरेच्या पुलापलीकडे पॉलिटेक्निक,
दुसऱ्या वर्षाची दुपारची बॅच.
धुळ्याचं ऊन खिडकीच्या पत्र्यावर वाजतंय.
बावीस मॉनिटर, त्यातले सतरा चालू.
फळ्यावर मी लिहिते : क्लास तारीख.
खाली तीन पूर्णांक,
दिवस, महिना, वर्ष.
तिघंही प्रायव्हेट.

"प्रायव्हेट कशाला, मॅडम?"
जितेश बोरसे. ह्याला प्रत्येक कुलपाचा राग.
म्हटलं, उघडं ठेवलं तर कुणीही येईल
आणि एकतीसात एक मिळवून
बत्तीस करून निघून जाईल.
कडी आतून असावी.
बाहेरच्यानं हाक मारावी,
आत काय आहे ते आपण सांगावं.

कन्स्ट्रक्टर म्हणजे दारावरचा माणूस.
तीस फेब्रुवारीला वाटेला लावतो.
एकोणतीसला थांबवून साल विचारतो :
चारनं भाग जातो? शंभरनं जातो?
मग चारशेनं?
(इथं मागच्या बाकावर जांभई.)
तेरावा महिना आला तर
मुकाट्यानं डिसेंबर करून घेत नाही, ओरडतो.
हे मी दोनदा सांगते.
चुकीचं आलं तर ओरडायचं,
सावरून घ्यायचं नाही.

रंजिता पावरा क्वचित बोलते. आज बोलली :
"'उद्या' मागितला तर
आजचाच दिवस पुढे सरकवायचा,
का नवा बनवायचा?"
नवा. आज आहे तिथं राहू दे.
त्याच्यावर कुणाचं बोट असेल,
कुणाच्या हप्त्याचं, कुणाच्या साखरपुड्याचं.
तिनं वहीत फक्त 'बोट' एवढंच लिहिलं.

आता चाचणी. खऱ्या तारखा घ्या, मी म्हणते,
घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाची जन्मतारीख.
कळफलक वाजतात.
एक जून.
एक जून.
एक जून, चोपड्याचे आजोबा.
एक जून, साक्रीची आत्या.
दोन तारखा समान आहेत का?
सतरा पडद्यांवर : होय. होय. होय.
पोरं हसतात. ठाऊक आहे त्यांना :
शाळा जूनात उघडायची,
गुरुजींच्या हातात टाक, समोर रांग.

कूलरमध्ये बादली ओतताना झुलालभाऊ म्हणाले,
"मनी बी तीच."

मग त्यांचीच घेतली.
साठ वर्षं मिळवा, एक दिवस वजा करा,
एक तारखेचा माणूस आदल्या महिन्यातच सुटतो, नियम आहे.
एकतीस मे.
अजून सात आठवडे.
बादली रिकामी झाली तरी हात तिरकाच राहिला त्यांचा.

"आणि खरी कोणती, भाऊ?"
"माय सांगे, आखाजीना दुसरा रोज.
निंबले झोका तसाच टांगेल व्हता.
म्हनीसन नाव झुलाल."

आखाजी माझ्या तीन पूर्णांकांत बसेना.
कधी एप्रिलात येते, कधी मेमध्ये,
तिथी भरदुपारी सुरू होते,
एखादी तर उगवतच नाही.
आणि साल?
"पांझराले पूर उना, त्याना पुढलं."
दारावरचा माणूस ओरडायच्या तयारीत.
एक जूनला मात्र त्यानं
एकदाही नाव विचारलं नव्हतं.
अशी तारीख असू शकते का, एवढंच तो बघतो.

"तिथीचा वेगळा क्लास करू?" रंजिता.
करता येईल.
अभ्यासक्रमात नाही, म्हणाले,
आणि खडूचा हात उगाच साडीला पुसला.

पाचला खोली रिकामी.
त्यांच्या तारखेच्या ओळीपुढे
मी दोन तिरप्या रेघा मारल्या.
त्यापुढचं मशीन वाचत नाही,
पुढं ज्याच्या हाती हा कोड येईल तो वाचतो.
लिहिलं : आखाजीचा दुसरा दिवस.
निंब. झोका उतरवलेला नाही.

मेन स्विचवर हात ठेवून झुलालभाऊ दारात उभे.
"मॅडम, सेव्ह करं का?"