नळी क्रमांक सतरा

मोंढ्यातून आणलेल्या मोसंब्या
साल वेगळी, सालीआतलं पांढरं वेगळं,
गर वेगळा, बिया वेगळ्या.
बिया मोजते. उगाच.

सगळं बर्फावर वाटायचं.
खल गार, बोटं गार,
खिडकीबाहेर जालना त्रेचाळीस अंशांवर.

मग जेलमधून प्रथिनं उतरू लागतात.
जड असतात ती वरच अडकतात,
हलकी तळाकडे पळतात,
आणि तेवढ्यात लाइट जाते.
इन्व्हर्टर जरा विचार करतो.
अंधारात मी नळ्यांवरून बोट फिरवते.

सतरा म्हणजे नुजहत बागवान.
वय नऊ. अंबड चौफुलीवर रसाचा गाडा वडिलांचा.
सुई टोचली तेव्हा ती रडली नाही,
नर्सला म्हणाली,
अब्बूंनी गालाला हात लावला ना,
की माझे ओठ जाड होतात.

अब्बू फरशीकडे बघत होते.
नंतर बाजूला घेऊन म्हणाले,
"साबणानं घासलं, राखेनं घासलं, मॅडम,
वास काही जाऊ नाही राहिला.
पोरीला उचलून घ्यायचं भ्या वाटतं."
मी फॉर्मवर लिहिलं : त्वचेशी संपर्क.
रकान्यात तेवढीच जागा होती.

नऊ किलोडाल्टन. एवढंसं तर आहे.
बुरशी आत शिरू नये म्हणून
झाडानं सालीत बसवलेलं.
उकळलं तरी मोडत नाही,
पोटातल्या आम्लाला दाद देत नाही.
राखणीला असंच कुणी हवं.
तिच्या रक्तातही राखणदार आहेत,
तेही तितकेच इमानी.
दोघांनी एकमेकांना चोर समजावं
आणि मार खावा लेकरानं.

रात्री साडेअकराला, सतराचं सीरम पाजलेल्या कागदावर
पट्टी उमटली.
सालीच्या रांगेत, अगदी तळाशी, काळीभोर.
बियांच्या रांगेत पुसट.
गराची रांग कोरी.

कोरी.
खुर्चीत मागे रेलले, पुन्हा पुढे झाले.
अजून दोनदा करायचं आहे हे,
एकदाचं काही खरं नसतं.
आणि गर तरी हातात येतो
तो सालीतूनच.

दुसऱ्या दिवशी गाड्यावर थांबले.
त्यांनी न विचारता ग्लास भरला.
पट्टीचं काही बोलले नाही.
प्रयोगशाळेतले निळे हातमोजे दिले, दहा जोड.
त्यांनी एक तिथंच चढवून पाहिला.
बोटांना आखूड झाला.