पुढच्या चाकांचं कुलूप

या, आतून बघा आधी. चपला राहू द्या पायात,
रेवणसिद्धाचं देऊळ नव्हे हे,
चारशे सात आहे, फोर बाय फोर,
मिलिटरीच्या लिलावातली,
दोन वर्षं विट्याच्या उन्हात उभी.
रंग खरवडलात तर हिरव्याखाली
अजून एक हिरवा निघेल.

ठोकून बघताय? बघा.
आष्ट्याचे दाताचे डॉक्टर म्हणालात, ठोकणारच.
मी एकतीस वर्षं गलाई केली, कोईमतूरला.
लोकांची मोड घेतली, ॲसिडात उकळली,
कसोटीवर रेघ ओढून सांगितलं,
बाई, यात एवढं तांबं आहे.
कुणी रडलं, कुणी भांडलं, रेघ तेवढीच राहिली.

तेव्हा घट आधी सांगतो.
डाव्या खिडकीतून पाणी येतं,
वारा चांदोलीकडून असेल तरच.
तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना गियर शिव्या देतो.
शेगडीचा एकच बर्नर पेटतो,
दोघांना दुसरा लागला नाही कधी.
पलंग पाच फूट आठ इंच. तुम्ही उंच आहात.
पाय दुमडायची सवय होईल,
किंवा नाही होणार.

कपाटं मिरजेची.
तंबोरे करणारे बशीरभाई, त्यांच्याकडं तूनचं लाकूड पडून होतं,
मनासारखा भोपळा मिळाला नाही म्हणून
राहून गेलेल्या एका तंबोऱ्याचं.
दार लावा बघू.
ऐकलंत?
आत साखरेचा डबा ठेवला की जरा उतरतो.

कोईमतूरला आमचं घर म्हणजे भट्टीवरची खोली.
इथं तीन मजले बांधले,
दिवाळीला उघडायचे, झाडायचे, पुन्हा कुलूप.
शालन म्हणाली, कायमचं परत जायचं तर
आता कुलूप लावून जावं लागणार नाही असं घर घ्या.
मी ही घेतली.
भाऊबंद हसले. अजून हसतात.

आता मुख्य गोष्ट.
आतला दांडा ओढला म्हणजे पुढची चाकं लागली असं नाही,
ते अर्धंच काम.
खाली उतरायचं. पुढच्या चाकाच्या मधोमध
ही वाटीएवढी चकती, ती हातानं फिरवायची,
चिखल असेल तर चिखलात.
टक् वाजलं पाहिजे. दोन्हीकडं.
बलवडीजवळ येरळेच्या वाळूत रुतलो तेव्हा
डावं मी, उजवं ती.
मधे हे एवढं बॉनेट, एकमेकांचं डोकंही दिसेना.
पलीकडून ओरडली, "माझं बसलं! तुमचं?"
पुढं गुढे-पाचगणीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या घरघरीत,
जतच्या माळावर, एकदा तर निव्वळ सपाट रस्त्यावर
मला उगीच उतरवून:
"माझं बसलं! तुमचं?"

एकट्यानं जमतं. जमतं की.
डावं फिरवायचं, पुढून वळसा, उजवं फिरवायचं.
नऊ पावलं.
एकदाच केलं, आटपाडीच्या एका डाळिंबाच्या बांधाला.
टक् झालं. दुसरंही टक् झालं.
मग मी पुढं जायचं सोडून तिथंच रात्र काढली.
गाडी कुठं अडली नव्हती.

कागद शेगडीखालच्या खणात,
आरसी बुक, विमा, सांगलीच्या आरटीओची पावती.
साडेसहा म्हणता. म्हणा.
घासाघीस ऐकून ऐकून माझे कान पॉलिश झालेत.

आधी एक करा. ताई, तुम्ही उतरा,
जरा जपून, खाली सराटे आहेत.
तुम्ही उजवीकडं. डॉक्टर, तुम्ही डावीकडं.
मी मागं उभा राहतो, माझ्याकडं बघू नका.
फिरवा. जोरात. अजून.
हां, वाजलं.

अहो ताई, बोला की.
नुसतं फिरवून गप्प राहिलात
तर पलीकडच्याला कळायचं कसं?

सात.
डिझेल अर्धी टाकी आहे, ते त्यात धरलेलं नाही.