झडती

दिवाळीचा फराळ संपून डब्यात चिवड्याचा चुरा उरला
की जेल रोडवरून मालनचा फोन येतो:
"मंगलाचं रिझर्व्हेशन उघडलं गं."
आणि माझ्या तळहाताला खाज सुटते.
डाव्या की उजव्या, ते आम्ही कधी बघत नाही.

आम्ही चौघी. मालन आढाव, प्रमिला बोराडे,
रजिया अत्तार आणि मी.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा तपासल्या,
एका टेबलाच्या दोन बाजूंना दोघी-दोघी.
अंगठ्याला अजून कळतं जाड की पातळ,
पोळी लाटतानासुद्धा.
किती कोटी गेले हो हाताखालून,
लग्नाकार्यात लोक विचारतात.
आम्ही डाग बघायचो फक्त,
शाई फुटलीय का, नंबर सरकलाय का,
की काढ बाजूला.
पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं,
याला पैसा म्हणायचं नाही. हा माल.

संध्याकाळी गेटवर झडती.
हात वर, जेवणाच्या डब्याचं झाकण उघडं,
अंबाडासुद्धा दाबून बघायची ती बाई,
रोज तीच, घोलपांची सून,
रोज म्हणायची, "राग मानू नका."
नाही मानला. आठ हजार वेळा नाही मानला.

तर पणजी.
मांडवीत उभं ते जहाज, कुठेच न जाणारं.
कुंभात रामकुंडही इतकं उजळत नाही
असं मी म्हटलं, तर प्रमिलाने कान धरले, माझे.
आत घड्याळ नाही. सुपरवायझर नाही.
हिरवं कापड ताणलेलं टेबल,
आणि ती चकती, रंगीत, जड,
जिच्यावर कुणाची सही नाही,
धारकाला काही अदा करण्याचं वचन नाही.

प्रत्येकीचे सात हजार, स्टीलच्या डबीत.
संपले की संपले,
मग दुसरीच्या खुर्चीमागे उभं राहून आरडाओरडा.
रजिया नुसती लाल लावते, बघायला बरं वाटतं म्हणून.
मालन सासऱ्यांची जन्मतारीख लावते, हरते,
म्हणते, "जिवंतपणी तरी काय दिलं होतं?"
प्रमिला टेबलाखाली चपला काढून बसते.
मी तेवीसवर. प्रेसमध्ये माझं टेबल तेवीस.
गोळी फिरते, फिरते, अडखळते,
त्या अडीच श्वासांसाठी जाते मी तिथे.
एवढी वर्षं सगळं आधीच ठरलेलं,
नंबरामागे नंबर, एक सुटला तर चौकशी.
इथे पुढचा नंबर
कुणालाच ठाऊक नाही.

पहिल्या वर्षीची गोष्ट सांगते.
पहाटे चारला निघालो. रजियाचे बाराशे सोडले
तर जिंकलेलं काही नाही,
आणि तेही आम्ही दिव्यावर धरून पाहिले, सवयीने.
दाराशी गणवेशातला पोरगा.
आणि आम्ही चौघी, काही न ठरवता,
पर्सच्या चेन उघडून
हात वर करून ओळीत उभ्या राहिलो.
तो गोंधळला. "काय झालं, मावशी?"
"झडती," मालन म्हणाली.
"जाताना नसते. जाताना कशाला?"

धक्क्यापर्यंत छोट्या बोटीत आम्ही हसत होतो.
प्रमिलाला उचकी लागली.
रजिया हसता हसता कधी रडायला लागली
ते अंधारात कुणी तपासलं नाही.

भाचा म्हणतो, "मावशी, वर्षाला सात हजार पाण्यात?"
पाण्यातच रे.
रामकुंडावर लोक नाणी टाकतात,
दोरीला लोहचुंबक बांधून पोरं तिथेच उभी असतात.
टाकणारा त्यांच्याकडे बघतो का?

मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीखाली
एक चकती आहे. शंभराची.
एकतीस वर्षांत कागदाचा कपटा घरी आणला नाही.
ही आणली.
फोडणीच्या घाईत कधी बोटाला लागते,
एका बाजूने तेलकट झालीय.

यंदा मालनचा गुडघा नवा आहे.
डॉक्टर म्हणाले, प्रवास बेताने.
ती म्हणाली, बसूनच तर असते तिथे.
चौघींना खालचे बर्थ हवेत.
बिटको चौकातला एजंट हसला: "चारही खालचे? नशीब लागतं, काकू."
म्हटलं, लाव.