नऊशे अडतीस पाय

पुंता अरेनासला वारा दार वाजवत नाही, सरळ आत येतो.
म्हणून बाउतिस्तानं खिडकीच्या फटीत जुने मोजे कोंबले,
टेबलावर वर्तमानपत्र पसरलं
आणि पंधरा वर्षांच्या कॉम्प्युटरला कुशीवर निजवलं.

चार स्क्रूंपैकी तीन निघाले. चौथा कधीचाच नव्हता.
आत धूळ, मेंढीच्या लोकरीसारखी दाट,
तिच्यात एक मेलेला पतंग,
आणि तो पंखा, ज्याची कुरकुर
त्यानं दोन वर्षं ऐकून घेतली होती, घरच्या माणसाची घ्यावी तशी.

नवा प्रोसेसर नवा नव्हताच.
शेन्झेनला कुणाच्या तरी मोडीतून निघालेला,
सत्तेचाळीस दिवस वाटेत असलेला. चार कोअरचा.
जुन्याला दोन.
दोनांत भागवायची सवय बाउतिस्ताला होती,
फाइलला नव्हती.

फाइल म्हणजे वारा:
बंदरावरच्या एकतीस वर्षांच्या नोंदी, दिवसातून तीनदा,
वहीतून उतरवून घेतलेल्या, निवृत्तीनंतर.
ती उघडेपर्यंत एक किटली उकळायची.
तेवढ्यात शेजारची लेओन्तिना यायची,
गळ्यात मोजपट्टी तशीच,
आणि विचारायची, आज किती होता?

हीटसिंक ओढला तर जुना प्रोसेसर त्याला चिकटूनच वर आला,
सॉकेटसकट येतो की काय असं वाटलं.
मधली पेस्ट वाळून चुना झाली होती.
नवा पालथा केला.
नऊशे अडतीस पाय, अकरा वाकडे.

बाउतिस्तानं चिमटा घेतला. ठेवला.
चष्मा पुसला, पुन्हा घेतला.
वादळात शिडीवर उभं राहून आकडे लिहिलेला हात
तांदळाच्या कणीएवढ्या तारेपुढे थरथरत होता.
मग भिंतीवर दोनदा ठोकलं.

तिनं सुई आणली, नऊ नंबरची.
श्वास रोखून, ओळ धरून,
टाके मोजावेत तसे पाय मोजत गेली.
'कापड वाईट नाही,' म्हणाली, 'कुणीतरी घाईत घडी घातलीय.'
एकेक पाय सुतासारखा सरळ आला.
दहावा आला. अकराव्याला तिनं शिवी दिली, मग तोही आला.

पडदा काळा. काळाच.
बाउतिस्ता काही बोलला नाही. मोजे फटीत फडफडत राहिले.
मग एक बीप,
आणि घड्याळात कुठलं तरी भलतंच साल.

फाइल चार सेकंदांत उघडली.
एकतीस वर्षांचा वारा, एका दमात.
शेगडीवरच्या किटलीला अजून आवाजही फुटला नव्हता.
दोघं पडद्याकडे बघत बसली,
आणि आता काय करायचं ते दोघांनाही सुचेना.

लेओन्तिनानं वर्तमानपत्रावरचा जुना प्रोसेसर उचलला.
अंगठ्यानं चुना खरवडला.
'हा बिघडलाय?'
'नाही. फक्त हळू चालतो.'
'मग मला दे,' ती म्हणाली
आणि त्याला बटणांच्या डबीत ठेवून
किटलीखालची आच
जराशी कमी केली.